परमवीर अल्बर्ट एक्का : सन्मान आणि ऋण

रणांगणावरील पराक्रमाबद्दल सैनिकाचा गौरव करण्याची प्रथा फार जुनी आहे. कोणी सोन्याचे कडे दिले, कोणी जमीन इनाम दिली, कोणी दरबारात आसन दिले. स्वतंत्र भारताने आपल्या सर्वश्रेष्ठ युद्धसन्मानासाठी निवडले ते ब्राँझचे एक लहानसे पदक. त्याचा व्यास जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. त्याला एकरंगी जांभळी फीत. हे परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते लागू करण्यात आले. एवढ्या वर्षांत ते केवळ २१ जणांना मिळाले आहे आणि त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर दिले गेले. म्हणजे तीनपैकी दोघांनी ते पदक कधी पाहिलेच नाही.

या एकवीस जणांत छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातील एक आदिवासी कॅथलिक तरुण आहे. त्याचे नाव लान्स नायक अल्बर्ट एक्का. आमच्या मराठी कॅथलिक समाजाला सैन्यातील आपल्या माणसांचा अभिमान आहे आणि तो असावाही. मूळ गोव्याचे जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या काळात भारताचे लष्करप्रमुख होते, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक असते. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर ५४ व्या पायदळ डिव्हिजनचे नेतृत्व मेजर जनरल डब्ल्यू. ए. जी. पिंटो यांनी केले. त्या युद्धातील चार परमवीर चक्रांपैकी दोन, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल आणि मेजर होशियार सिंग यांची, त्यांच्याच डिव्हिजनमधील होती. ही नावे आपण आदराने घेतो. परंतु ज्याच्या बाहीवर एकच फीत होती, त्या लान्स नायकाचे नाव आपल्या सभा-संमेलनांत क्वचितच ऐकू येते. ही उणीव अल्पशी भरून काढावी, आणि त्याच्या सन्मानाचा अर्थ ख्रिस्ती दृष्टीने काय लागतो हेही तपासून पाहावे, असा या लेखनामागील आमचा हेतू आहे.

प्रथम त्या पदकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. १९१३ साली स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे जन्मलेल्या या बाईंचे माहेरचे नाव ईव्ह इव्हॉन मदे द मारोस. वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ मध्ये विवाह करून त्या या देशाच्या झाल्या. त्या मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, पुराणे वाचली. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकांच्या आराखड्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. पदकाच्या मध्यभागी राष्ट्रचिन्ह आणि त्याभोवती इंद्राची चार वज्रे, अशी रचना त्यांनी केली.

वज्राची कथा आपल्या वाचकांना अपरिचित नसावी. वृत्रासुराचा नाश करण्यासाठी लागणारे शस्त्र दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडवावयाचे होते; ऋषींनी त्यासाठी आपला देह ठेवला. सावित्रीबाईंनी या पदकासाठी निवडलेले शस्त्र असे दुसऱ्यांसाठी देह देणाऱ्याच्या हाडांचे आहे. पदकाच्या मुळाशी असलेला हा विचार पुढे अल्बर्ट एक्का यांची हकीकत वाचताना ध्यानात ठेवावा.

अल्बर्ट यांचा जन्म २७ डिसेंबर १९४२ रोजी जारी या गावी, एका उराँव कुटुंबात झाला. हे गाव आज झारखंडच्या गुमला जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते बिहारमधील रांची जिल्ह्यात मोडत असे. या भागाला बरवे म्हणतात. त्याच्या इतिहासाशी एका बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरूचे नाव कायमचे जोडले गेले आहे. फादर कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ साली छोटा नागपुरात आले तेव्हा जमीनदार आणि सावकार यांच्या कचाट्यात आदिवासींच्या पिढीजात जमिनी हातच्या जात होत्या. फादरांनी जमिनीचा कायदा आणि आदिवासींचे रिवाज यांचा अभ्यास केला आणि त्यांना कोर्टकचेरीत न्याय मिळवून देण्यासाठी जिवाचे रान केले. १८८९ मध्ये ते बरवेत पोहोचले आणि गावेच्या गावे ख्रिस्तसभेत आली. श्रमांनी व क्षयाने खचलेले फादर मायदेशी परतले आणि १८९३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी लूव्हेन येथे निवर्तले. याच बरवेतील चैनपूर परिसरात पुढे कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो जन्मले. २००३ साली कार्डिनल झालेले ते पहिले भारतीय आदिवासी. अल्बर्ट एक्का आणि कार्डिनल टोप्पो यांच्या वयांत तीन वर्षांचेच अंतर होते. एकाच मातीने एक सैनिक दिला आणि एक मेंढपाळ दिला.

त्या मुलखातील पोरे लहानपणापासून धनुष्यबाण घेऊन शिकारीला जातात. पायाखालचे पान वाजू न देता सावजापर्यंत पोहोचण्याची विद्या त्यांना कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. अल्बर्ट त्यात तरबेज होते. हॉकीचीही त्यांना आवड होती. १९६२ च्या डिसेंबरात, चीनशी झालेले युद्ध नुकतेच थांबले असताना, वयाच्या विसाव्या वर्षी ते बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाले. पुढे १९६८ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची १४ वी बटालियन उभी राहिली, तेव्हा त्यांची बदली तिकडे झाली. १९७१ च्या युद्धाची पूर्वतयारी चालू असताना त्यांना लान्स नायक करण्यात आले. शिपायाच्या वरची ही पहिलीच पायरी.

आता त्या युद्धाची भूमी पाहू. त्रिपुराची राजधानी आगरतळा ही तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेला अगदी खेटून होती. १९७१ च्या मार्चपासून सीमेपलीकडील अत्याचारांना भिऊन निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. एकूण संख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली; एकट्या त्रिपुरात, त्या राज्याच्या स्वतःच्या लोकसंख्येच्या जवळपास इतकेच निर्वासित आले. सीमेपलीकडून तोफांचे गोळे आगरतळ्यावर येऊन पडत. शहराच्या पश्चिमेस सुमारे साडेसहा किलोमीटरवर गंगासागर हे रेल्वेचे स्थानक होते आणि त्याच्या उत्तरेस आखौरा हे जंक्शन. ही ठाणी हाती आल्यावाचून आगरतळ्याचा धोका टळणार नव्हता आणि मेघना नदीच्या व ढाक्याच्या दिशेने पुढे सरकताही येणार नव्हते. म्हणून गंगासागर घेण्याची कामगिरी १४ गार्ड्सवर सोपवण्यात आली.

३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील भारतीय विमानतळांवर बाँबफेक केली आणि युद्ध उघडपणे सुरू झाले. त्याच रात्री, पहाट होण्यापूर्वी, पूर्वेला गंगासागरवर चढाई झाली. भोवताली दलदल, मध्ये उंचावलेला रेल्वेचा बांध, आणि समोर महिन्यांच्या तयारीने पक्के केलेले खंदक व बंकर. अल्बर्ट एक्का डाव्या बाजूने पुढे जाणाऱ्या कंपनीत होते. तोफगोळ्यांचा आणि बंदुकींचा मारा सोसत ही कंपनी शत्रूच्या खंदकांना भिडली आणि हातघाईची लढाई जुंपली.

यानंतर जे घडले ते सन्मानपत्रात नोंदले गेले आहे. त्याचा आशय आम्ही येथे क्रमाने देतो. एका बंकरमधील हलकी मशीनगन आपल्या कंपनीची मोठी हानी करीत आहे, हे अल्बर्ट यांच्या लक्षात आले. ते थेट त्या बंकरवर धावून गेले, संगिनीने दोघा शत्रुसैनिकांना ठार केले आणि ती मशीनगन बंद पाडली. या झटापटीत ते गंभीर जखमी झाले. तरीही मागे न जाता ते सोबत्यांबरोबर पुढे लढत राहिले. ते ठाणे सुमारे मैलभर खोल पसरलेले होते. एकामागून एक बंकर साफ करावा लागत होता. ठाण्याच्या उत्तर टोकाशी एका भक्कम इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून एक मध्यम मशीनगन आग ओकू लागली आणि सारी चढाई तेथेच अडली. जखमी अल्बर्ट सरपटत इमारतीपर्यंत पोहोचले आणि त्यांनी आत हातबाँब टाकला. एक शत्रुसैनिक ठार झाला, दुसरा घायाळ झाला, पण गोळीबार थांबला नाही. तेव्हा बाजूच्या भिंतीवर चढून ते आत शिरले आणि गोळ्या झाडणाऱ्या त्या सैनिकाला संगिनीने ठार केले. मशीनगन थांबली. गंगासागर हाती आले. ठाणे जिंकल्यानंतर जखमांमुळे अल्बर्ट यांनी प्राण सोडला. त्यांचा एकोणतिसावा वाढदिवस जेमतेम तीन आठवड्यांवर आला होता. मागे तरुण पत्नी आणि लहानगा मुलगा होता.

५ डिसेंबरला आखौरा पडले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. त्या युद्धातील चार परमवीर चक्रांपैकी पूर्व आघाडीवर मिळालेले हे एकमेव होय.

येथे एक प्रश्न आम्हाला टाळता येत नाही. 'खून करू नको' ही आज्ञा आपण बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. मग संगिनीने माणसे मारणाऱ्याचा गौरव आपण कोणत्या तोंडाने करावा? पुष्कळ वेळा या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. देशासाठी सारे क्षम्य असते, हे एक. युद्धाशी ख्रिस्ती माणसाचे काही देणेघेणे नाही, हे दुसरे. दोन्ही उत्तरे विचाराचे कष्ट वाचवतात, आणि म्हणून दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात.

ख्रिस्तसभेची शिकवण या दोहोंहून अवघड आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या डिसेंबरात प्रसृत केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात युद्धाचा विचार विस्ताराने आला आहे. सरसकट संहार करणाऱ्या युद्धाचा त्यात कठोर शब्दांत निषेध आहे. त्याच प्रकरणात, सैन्यात राहून देशाची सेवा करणाऱ्यांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक समजावे, आणि हे कार्य त्यांनी योग्य रीतीने केले तर शांतता टिकवण्यास त्यांचा हातभारच लागतो, असेही सांगितले आहे. म्हणजे सैनिकाचे मोल तो कोणाला मारतो यावर ठरत नाही. तो कोणाचे रक्षण करतो आणि ते कसे करतो यावर ठरते.

या निकषावर अल्बर्ट एक्का यांचे सन्मानपत्र पुन्हा वाचावे. दोन्ही प्रसंगी ते पुढे सरसावले, ते मशीनगन आपल्या सोबत्यांना टिपत होती म्हणून. सन्मानपत्राचा शेवटही कंपनीची पुढील हानी टळली आणि हल्ला यशस्वी झाला, या गोष्टीवरच होतो. किती शत्रू मारले याचा हिशेब मांडून हे पदक मिळत नाही. पहिल्या जखमेनंतर मागे जाण्याचा अल्बर्ट यांना पूर्ण अधिकार होता. त्यांना कोणी भ्याड म्हटले नसते. तो अधिकार त्यांनी वापरला नाही. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे प्रभूचे वचन आपण उत्तरविधीच्या प्रसंगी अनेकदा ऐकतो. ते आचरणात आणण्याची वेळ फार थोड्यांवर येते. दलदलीतल्या त्या रात्री ती एका लान्स नायकावर आली.

एवढे म्हटल्यावरही दुसरी बाजू विसरता येत नाही. त्या दुसऱ्या मजल्यावर शेवटपर्यंत गोळ्या झाडणारा तरुणही कोणाचा तरी मुलगा होता. आपले ठाणे सोडावयाचे नाही, एवढेच त्यालाही शिकवलेले होते. त्याचे नाव आम्हाला माहीत नाही. परंतु वीराचा सन्मान करताना शत्रूचा द्वेष करणे ख्रिस्ती माणसाला बंधनकारक नाही; किंबहुना तो द्वेष बाजूला ठेवला तरच सन्मान स्वच्छ राहतो.

या संदर्भात आमच्या मातीतील एका वीराची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांनीही अशाच एका मशीनगनवर एकट्याने चाल केली. त्यांची सारी तुकडी ठार वा जखमी झाली होती. ते ठाणे त्यांनी मोडले आणि तेथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे २२ वर्षांचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. त्यांची ज्ञात कबर वा समाधी मात्र कोठेच नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर तेवढे नाव कोरलेले आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात त्याच खोऱ्यातील मोंतोने या गावी त्यांच्या स्मरणार्थ एक सौर घड्याळ उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे बोधवाक्य त्यावर आहे. जी भूमी एके काळी शत्रूच्या ताब्यात होती, तिनेच परक्या सैनिकाची आठवण अशी जपली.

यशवंतरावांना कबर लाभली नाही. अल्बर्ट यांना लाभली, परंतु ती त्यांच्या माणसांना दुर्लभ झाली. गंगासागरला पडलेल्या भारतीय सैनिकांचे देह सीमेच्या अलीकडे आणून आगरतळ्याजवळ डुकली परिसरात त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. त्रिपुरातील ते गाव कोठे आणि छोटा नागपूरमधले जारी कोठे! २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मृतिदिनी, आपल्या प्रत्येक धर्मग्रामातील दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळून निघते. घरातली लहान मुलेसुद्धा आजोबांच्या कबरीवर फुले ठेवतात. ज्या घरात देशाचे सर्वोच्च शौर्यपदक आहे, त्या घराला त्या दिवशी मेणबत्ती लावावयास गावात कबर नव्हती, ही गोष्ट आमच्या वाचकांना विशेष जाणवेल असे वाटते. कुटुंबीयांनी अनेक वर्षे मागणी केली. अखेर २०१६ च्या आरंभी त्यांनी त्रिपुरात जाऊन दफनस्थानची माती गावी आणली. मधल्या काळात चव्वेचाळीस वर्षे लोटली होती.

छोटा नागपूरच्या ख्रिस्तसभेला अवशेषांचे मोल ठाऊक आहे. फादर लिव्हन्स यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९३ मध्ये, त्यांचे अवशेष बेल्जियमहून रांचीला आणून तेथील कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आले. ज्यांच्या जमिनी त्यांनी वाचवल्या त्यांच्या पणतवंडांना त्यांचा सहवास मातीच्या रूपाने का होईना, हवा होता. अल्बर्ट यांच्या कुटुंबाची मागणीही याहून वेगळी नव्हती.

शासनाने अल्बर्ट एक्का यांचा सन्मान केला नाही असे मुळीच नाही. रांची शहरातील मुख्य चौकाला त्यांचे नाव असून तेथे त्यांचा पुतळा आहे. २००० साली त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. त्यांच्या गावाच्या परिसरातील प्रशासकीय प्रखंडाला त्यांचे नाव देण्यात आले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यांत त्यांचेही नाव आहे. हे सारे योग्यच झाले. परंतु चौक, तिकीट आणि बेट यांवर नाव कोरले जाते ते एका कृत्याचे. माणसाची आठवण ठेवण्याचे काम त्याच्या घराला आणि त्याच्या धर्मबंधूंना करावे लागते. ते कोणत्याही शासनाला आपल्या वतीने करता येत नाही.

आणि धर्मबंधू म्हटले की आपणही आलोच. उराँव मुलखातील प्रार्थना आणि आपल्या किनाऱ्यावरील प्रार्थना एकाच वेदीपाशी पोहोचतात, असे आपण म्हणतो. तसे असेल तर बरवेचा हा लान्स नायक आपला कोणी लागतो. योगायोग असा की, गंगासागरच्या लढाईची ती तारीख, ३ डिसेंबर, ही संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाची आहे. त्या दिवशी गोव्यापासून वसईपर्यंत आपली चर्चेस भरलेली असतात. त्या दिवशीच्या मिस्सातील श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये एका प्रार्थनेची भर घालावी, असे आम्ही सर्व धर्मग्रामांना सुचवू इच्छितो : अल्बर्ट एक्का यांच्यासाठी, त्यांच्याबरोबर पडलेल्या सोबत्यांसाठी, आणि समोरच्या बंकरमध्ये पडलेल्या त्या तरुणांसाठीही. यासाठी कोणता ठराव लागत नाही, निधी लागत नाही. अर्धा मिनिट पुरेल.